सुरुवातीच्या अवस्थेतला अंडाशयाचा कर्करोग आणि नोड्सचं ऑपरेशन: नाशिक जिल्ह्यातून वारंवार येणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये स्त्रियांच्या कर्करोगांवर शस्त्रक्रिया करते. ऑपरेशनची तारीख ठरली की घरच्यांचे फोन आणि मेसेज सुरू होतात. निफाडहून येवोत, कळवणहून येवोत की कॉलेज रोडवरून, त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतात: नोड्स, म्हणजे लसिकाग्रंथी, काढायचे की नाही? तेच प्रश्न, लोक विचारतात त्याच शब्दांत, इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः अंडाशयाच्या सर्वात नेहमीच्या, म्हणजे एपिथेलियल (आवरणाच्या पेशींच्या) प्रकाराला धरून आहेत. बाकीचे प्रकार प्रश्न ७ मध्ये येतात. रिपोर्ट आणि पेशंट समोर असल्याशिवाय कुणाचाही निर्णय होत नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलायला बसाल तेव्हा काय विचारायचं हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे वाचा.

१. लसिकाग्रंथी म्हणजे काय? अंडाशयाच्या गाठीशी त्यांचा काय संबंध?

शरीरभर रक्तवाहिन्यांच्या सोबतीने बारीक लसिकावाहिन्या जातात. पेशींभोवतीचा जादा द्रव गोळा करून त्या परत रक्तात पोचवतात. वाटेत ठिकठिकाणी काही मिलिमीटरच्या ग्रंथी असतात, त्यांत हा द्रव गाळला जातो. घसा बिघडला की जबड्याखाली जे दुखरं काहीतरी हाताला लागतं, ती अशीच सुजलेली ग्रंथी. अंडाशयातून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशीही या वाटेने जाऊन ग्रंथींत अडकू शकतात. दवाखान्यात सगळे ‘नोड’ म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरते. ‘गाठ’ म्हणेन तेव्हा अंडाशयातली मूळ गाठ समजा.

२. रोग ओटीपोटात आहे, मग चीर बेंबीच्या वरपर्यंत का नेतात?

गर्भात असताना अंडाशयं मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात. उतरताना ती आपल्या रक्तवाहिन्या सोबत ओढत आणतात. म्हणून अंडाशयाची धमनी ओटीपोटातून निघत नाही, ती वर मूत्रपिंडाच्या पातळीजवळ थेट महाधमनीतून निघते. डाव्या अंडाशयाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, उजवीची थेट महाशिरेला. लसिकावाहिन्याही याच वाटेने वर जातात. दुसरी वाट ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या नोड्सकडे जाते, आणि क्वचित एक वाट जांघेकडे.

त्यामुळे नोड्स तपासायचेच ठरलं तर दोन्हीकडचे तपासावे लागतात: ओटीपोटातले आणि महाधमनीलगतचे. सुरुवातीच्या अवस्थेत ज्यांच्या नोड्समध्ये रोग सापडतो, त्यांतल्या जवळपास निम्म्या जणींना तो फक्त महाधमनीलगत असतो. ‘खालचे काढले, वरचे सोडले’ असं ऑपरेशन म्हणजे प्रश्न अर्धाच विचारणं. शिवाय लांब चीर केवळ नोड्ससाठी नसते. गाठ न फोडता अखंड बाहेर काढायची असते, आतड्यांवरचा चरबीचा पडदा म्हणजे ओमेंटम काढायचा असतो आणि छातीच्या पडद्याखालपर्यंत नजर टाकायची असते.

३. स्कॅनमध्ये ‘स्टेज एक’ दिसते. मग नोड्समध्ये रोग असेलच कसा?

स्कॅनला दिसते ती फक्त शक्यता. खरी स्टेज ऑपरेशन आणि बायोप्सीनंतर ठरते. अनेक अभ्यास एकत्र करून २०११ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. वरवर पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या वाटणाऱ्या १०० स्त्रियांपैकी साधारण १४ जणींच्या नोड्समध्ये रोग आढळतो, असं त्यात दिसलं. पण हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ग्रेड म्हणजे पेशी किती उग्र दिसतात त्याची पायरी: १ सौम्य, ३ उग्र. ग्रेड १ मध्ये तो ४ च्या आसपास होता, ग्रेड ३ मध्ये २० च्या आसपास. पेशींच्या रूपावरून जे प्रकार पडतात, त्यांतल्या सिरस प्रकारात सुमारे २३, तर म्युसिनस प्रकारात ३ पेक्षाही कमी. प्रश्न ६ आणि ७ ची उत्तरं या फरकावरच उभी आहेत.

नोडमध्ये रोग सापडला की स्टेज तीन-ए-१ होते. हे ऐकून घरचे हादरतात: काल एक होती, आज तीन कशी? रोग एका रात्रीत वाढलेला नसतो. तो आधीच तिथे होता, आता समजला. फक्त नोड्समध्ये पोचलेल्या तिसऱ्या स्टेजचा पुढचा प्रवास पोटभर पसरलेल्या तिसऱ्या स्टेजपेक्षा सहसा बराच चांगला असतो.

४. नोड्स काढले की आयुष्य वाढतं का?

सुरुवातीच्या अवस्थेत तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. नेमक्या याच प्रश्नावरची एक यादृच्छिक चाचणी (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली) २००६ साली प्रसिद्ध झाली. २६८ स्त्रियांपैकी एका गटाचे नोड्स पद्धतशीर, पूर्ण काढले, तर दुसऱ्या गटाचे थोडेच नमुन्यादाखल घेतले. पूर्ण काढलेल्यांत २२ टक्के जणींच्या नोड्समध्ये रोग सापडला, नमुना घेतलेल्यांत ९ टक्के. म्हणजे जास्त शोधलं तेव्हा जास्त सापडलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण मात्र ८४ आणि ८१ टक्के निघालं. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. चाचणी लहान होती, त्यामुळे ‘फायदा नाहीच’ असाही निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही.

इंटरनेटवर ‘लायन’ चाचणीचं नाव वाचून बरेच जण विचारतात. २०१९ ची ही चाचणी ६४७ रुग्णांवर झाली, पण त्या रुग्ण वाढलेल्या अवस्थेतल्या होत्या. पोटातला दिसणारा सगळा रोग काढलेला होता आणि नोड्स दिसायला व हाताला ठीक होते. अशा रुग्णांचे नोड्स काढल्याने आयुष्य वाढलं नाही. उलट पुन्हा पोट उघडण्याची वेळ दुपटीच्या जवळपास आली (१२.४ विरुद्ध ६.५ टक्के) आणि ६० दिवसांतले मृत्यूही जास्त झाले (३.१ विरुद्ध ०.९ टक्के). वाढलेल्या रोगात निरोगी दिसणारे नोड्स आता सहसा काढत नाहीत, ते या चाचणीमुळे. सुरुवातीच्या अवस्थेला तिचा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तिथे नोड्स काढण्याचा हेतूच वेगळा असतो (प्रश्न ५). धोक्यांचे आकडे मात्र डोळ्यांआड करू नयेत.

५. आयुष्य वाढत नसेल तर काढायचे कशाला?

माहितीसाठी. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं आणि पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं: सुरुवातीच्या अवस्थेत नोड्स काढणं ही मुख्यतः तपासणी आहे. त्या तपासणीच्या उत्तराने पुढचे उपचार बदलत असतील, तर तिची किंमत मोजायला अर्थ आहे.

उपचार दोन दिशांनी बदलतात. नोड्समध्ये रोग निघाला तर केमोचे सहा डोस नक्की होतात. बीआरसीए जनुकात दोष असेल तर नंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा विचार होतो, पहिल्या स्टेजला त्या सहसा देत नाहीत. उलट, रोग एकाच अंडाशयात, ग्रेड कमी आणि पूर्ण तपासणीत बाकी सगळं स्वच्छ असेल, तर केमो टाळता येते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲक्शन’ या युरोपीय चाचणीत ४४८ रुग्ण होत्या. त्यात केमोचा फायदा मुख्यतः ज्यांचं स्टेजिंग (रोग कुठवर पोचलाय याची ऑपरेशनमधली तपासणी) अपुरं झालं होतं त्यांना दिसला. अशांच्या पोटात न सापडलेला रोग राहिलेला असावा आणि केमोने तो भरून काढला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

६. एक डॉक्टर म्हणतात नोड्स काढा, दुसरे म्हणतात गरज नाही. खरं कुणाचं?

बहुतेक वेळा दोघांचंही, कारण दोघं वेगवेगळी गोष्ट गृहीत धरून बोलत असतात. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: ‘नोड्समध्ये रोग निघाला तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि नाही निघाला तर काय?’

हाय-ग्रेड सिरस प्रकार असेल तर केमो जवळपास ठरलेलीच असते. पेशंट ७५ वर्षांची, हृदयविकाराची, वजन जास्त असलेली असेल, तर केमो होणारच म्हणून नोड्स सोडण्याचा सल्ला समंजस ठरू शकतो. हाच प्रकार ४५ वर्षांच्या तब्येतीने धडधाकट बाईला असेल तर स्टेज नेमकी कळल्याने केमोनंतरच्या गोळ्यांचा निर्णय बदलतो, आणि काढा म्हणणारे डॉक्टरही बरोबर असतात. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीच्या अवस्थेच्या पूर्ण स्टेजिंगमध्ये नोड्स अजून धरलेले आहेत. काही प्रकारांत ते वगळायची मुभाही आहे.

एका बाबतीत मतभेद नसतो. स्कॅनमध्ये मोठा दिसणारा किंवा ऑपरेशनमध्ये हाताला कडक लागणारा नोड काढायचाच. वरच्या चाचण्यांतला ‘काढू नका’ हा निष्कर्ष अशा नोडला लागू नाही.

७. कोणत्या प्रकारांत नोड्स न काढलेले चालतात?

बॉर्डरलाइन गाठ हा पूर्ण कर्करोग नाही. तिच्यात नोड्स काढत नाहीत. म्युसिनस प्रकारात पॅथॉलॉजिस्टने वाढीचा नमुना ‘एक्सपॅन्साइल’ लिहिला असेल तर नोड्समध्ये रोग इतका क्वचित सापडतो की ते वगळता येतात. त्याच प्रकाराचा ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’ नमुना असेल तर हिशेब बदलतो, म्हणून रिपोर्टमध्ये हा शब्द आहे का ते जरूर पाहा. नसेल तर पॅथॉलॉजिस्टला विचारायला सांगा. एकाच अंडाशयातल्या ग्रेड १ एंडोमेट्रिऑइड प्रकारातही शक्यता कमी असते. क्लिअर सेल प्रकाराला मात्र हाय-ग्रेड समजतात, तिथे नोड्स सहसा तपासतात.

तरुण मुलींमध्ये दिसणाऱ्या जर्म सेल गाठी आणि ग्रॅन्युलोसा सेल गाठी ही वेगळी जात. त्यांत निरोगी दिसणारे नोड्स सरसकट काढत नाहीत. डिसजर्मिनोमा हा जर्म सेल प्रकार नोड्सकडे जातो, पण केमोला तो फार चांगला दाद देतो. म्हणून तिथेही फक्त वाढलेले नोड्स काढले जातात.

८. ऑपरेशनच्या आधीच प्रकार का सांगत नाहीत? टेबलावर ठरवणार म्हणजे काय?

गाठ अंडाशयापुरती असेल तर सुई घालून नमुना घेत नाहीत. सुईच्या भोकातून पेशी पोटात सांडल्या तर पहिल्याच स्टेजमध्ये एक-सी, म्हणजे वरची पायरी, होते. त्याऐवजी अख्खी गाठ काढून ऑपरेशन चालू असतानाच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. तो तुकडा गोठवून अर्ध्या तासाच्या आसपास प्राथमिक मत देतो. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. त्यावर ठरतं की इथेच थांबायचं की ओमेंटम आणि नोड्सकडे वळायचं.

हे मत अंतिम नसतं. गाठ खूप मोठी आणि म्युसिनस असेल तर चूक होण्याची शक्यता वाढते, कारण एकाच गाठीत एका बाजूला साधा, दुसऱ्या बाजूला बॉर्डरलाइन आणि तिसरीकडे कर्करोग असू शकतो. शंका असेल तर अंतिम रिपोर्टची वाट पाहून दुसरं ऑपरेशन करणं काही वेळा शहाणपणाचं असतं. ‘एकदाच काय ते उरकून टाका’ असा आग्रह घरच्यांनी धरू नये, एवढी विनंती. आणि ऑपरेशन ठरवताना तिथे फ्रोझनची सोय आहे का, हे आधीच विचारा.

९. पेट स्कॅनमध्ये नोड्स स्वच्छ आहेत. मग ऑपरेशन टाळता येईल का?

फक्त स्कॅनच्या भरवशावर नाही. काही मिलिमीटरचा किंवा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा रोग पेट स्कॅनला दिसत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत नोड्समधला रोग बहुधा तेवढाच बारीक असतो. सीए-१२५ या रक्ततपासणीवरही विसंबू नका. पहिल्या स्टेजच्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये ते नॉर्मल असतं.

१०. वहिनीला पूर्वी टीबी झाला होता. स्कॅनमध्ये नोड्स मोठे आहेत. हा पसरलेला कर्करोग का?

असेलच असं नाही, आणि आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. टीबीमुळे पोटातले नोड्स मोठे होतात, पेट स्कॅनवर चमकतात, पोटात पाणी होतं आणि सीए-१२५ ही वाढतं. केवळ पोटाच्या टीबीचं चित्र कधी कधी हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगासारखं दिसतं. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. वाढलेल्या नोडचा तुकडा तपासल्याशिवाय ‘स्टेज तीन’ मानून मोकळं होऊ नका. तुकडा पाठवताना पॅथॉलॉजिस्टला जुन्या टीबीची माहिती द्या, आणि नमुन्याचा एक भाग टीबीच्या चाचणीसाठी वेगळा, फॉर्मालिनमध्ये न घालता पाठवता येईल का ते सर्जनला आधीच विचारा. टीबीच्या जुन्या कोर्सचे कागद घरात कुठेतरी असतात. ते शोधून फाइलला लावा.

११. दुर्बिणीतून होणार नाही का?

नोड्स दुर्बिणीतून काढता येतात, महाधमनीलगतचेही, जर सर्जनचा हात त्यावर बसलेला असेल. खरी अडचण मूळ गाठीची असते. मोठी गाठ बारीक छिद्रातून काढताना फुटली तर स्टेज बदलते. म्हणून गाठ मोठी किंवा संशयास्पद असेल तर उघडं ऑपरेशन हाच सुरक्षित रस्ता. गाठ आधीच अखंड निघाली असेल आणि आता फक्त स्टेजिंग बाकी असेल (प्रश्न १३), तर दुर्बिणीचा विचार जास्त योग्य ठरतो.

१२. स्तनाच्या कर्करोगात एकदोनच ‘पहारेकरी’ नोड काढतात. इथे तसं का नाही?

यावर काम चालू आहे. अंडाशयाच्या दोन्ही बंधांमध्ये आयसीजी नावाचा हिरवा रंग टोचतात आणि तो पहिल्यांदा कोणत्या नोडमध्ये पोचतो ते खास कॅमेऱ्याने पाहतात. ही पद्धत भरवशाची ठरली तर प्रश्न १५ ते १७ मधला बराच त्रास वाचेल, आणि मला त्याची मनापासून आशा आहे. स्तनाच्या कर्करोगात ती जशी रोजची झाली आहे, तशी इथे अजून झालेली नाही. अंडाशयाला दोन दिशांना वाटा असल्याने पहारेकरीही दोन ठिकाणी शोधावे लागतात, आणि गाठ आधी काढून झाली असेल तर वाटाच तुटलेल्या असतात.

१३. तालुक्याच्या दवाखान्यात साधी सिस्ट म्हणून ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. नोड्स काढलेच नाहीत. आता?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेकदा घाबरून रात्री उशिरा येतो. आधी एवढं लक्षात घ्या: आज रात्री काही करायचं नाही, पण पुढचे काही आठवडे वायाही घालवायचे नाहीत.

पहिलं काम कागद आणि ब्लॉक गोळा करण्याचं. ब्लॉक म्हणजे गाठीचे मेणात बसवलेले तुकडे, ते पॅथॉलॉजी लॅबकडे असतात आणि मागितल्यावर मिळतात. स्लाइड्स आणि ब्लॉक दोन्ही घ्या आणि कर्करोगाच्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. प्रकार किंवा ग्रेड बदलला तर पुढचं सगळंच बदलतं. दुसरं, ऑपरेशनची नोंद मागा. गाठ अखंड निघाली की फुटली? फुटली तर पिशवीत धरून फुटली की पोटात? दुसरं अंडाशय, ओमेंटम, आतड्यांची बाहेरची बाजू पाहिली का? पोट धुऊन घेतलेलं पाणी तपासायला पाठवलं का? ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याशी भांडून हे कागद मिळत नाहीत, शांतपणे मागा. साधी सिस्ट वाटून आत कर्करोग निघणं हे चांगल्या हातांतही घडतं. तिसरं, छाती-पोट-ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन.

मग प्रश्न ५ ची कसोटी लावायची. कमी ग्रेडचा, एका अंडाशयापुरता रोग वाटत असेल, तर पुन्हा ऑपरेशन करून पूर्ण स्टेजिंग केल्याने केमो टळू शकते, म्हणून ते करण्यासारखं असतं. हाय-ग्रेड असेल आणि केमो होणारच असेल, तर केवळ नोड्ससाठी पुन्हा पोट उघडावं का, हे स्कॅन, वय आणि तब्येत पाहून ठरतं. राहिलेलं अंडाशय, गर्भाशयाची पिशवी, ओमेंटम यांचा निर्णय नोड्सपेक्षा वेगळा आहे. नोड्स सोडले म्हणजे बाकीचंही सोडायचं, असं नाही. एक गोष्ट करू नका: ‘चार डोस घेऊन बघू, मग ठरवू’ म्हणून स्टेजिंगचा विचार न करता केमो सुरू करणं. केमोनंतर नोड स्वच्छ निघाला तर तो आधीपासून स्वच्छ होता की औषधाने झाला, हे कळायला मार्ग राहत नाही.

१४. रिपोर्टमध्ये ‘०/१८’ आणि खाली ‘२/२३’ असं लिहिलंय. म्हणजे काय?

खालचा आकडा तपासलेल्या नोड्सचा, वरचा रोग सापडलेल्यांचा. पहिली ओळ बहुधा एका भागाची, दुसरी दुसऱ्या भागाची. इथे एका ठिकाणी १८ पैकी एकातही नाही, दुसरीकडे २३ पैकी दोनांत आहे. नोड्सची संख्या सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि शरीराची ठेवण यांवर अवलंबून असते. शेजारणीचे ४० निघाले आणि आपले २५ म्हणून ऑपरेशन कमी पडलं, असं समजू नका. सापडलेल्या रोगाचा आकार १० मिमीपर्यंत की त्याहून मोठा, हे मात्र वाचा. त्यावरून तीन-ए-१ चे दोन पोटभाग पडतात.

१५. नोड्स काढण्यात धोके कोणते?

हे नोड्स शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका पहिला. ऑपरेशनचा वेळ वाढतो. मूत्रवाहिनी जवळून जाते, ती जपावी लागते. मांडी आत ओढणारी ऑब्ट्युरेटर नस दुखावली तर चालताना पाय बाहेर पडतो. मांडीच्या पुढच्या-आतल्या भागाला बधिरपणा येणं जास्त वेळा दिसतं, तो बराचसा हळूहळू कमी होतो.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कर्करोगाच्या कोणत्याही मोठ्या पोटाच्या ऑपरेशननंतर असतो. म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालवतात आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं देतात, बऱ्याचदा घरी गेल्यावरही, एकूण चार आठवडे. ‘जखम ओली आहे, हलू देऊ नका’ म्हणून पेशंटला पलंगावर खिळवून ठेवणाऱ्या नातेवाइकांना मी हात जोडून सांगते: चालू द्या.

काही आठवड्यांनी ओटीपोटात लसिकेचं पाणी साठून फुगा तयार होऊ शकतो, त्याला लिम्फोसिस्ट म्हणतात. सोनोग्राफीत नवी गाठ दिसल्यासारखं वाटून लोक हबकतात. त्रास देत नसेल तर त्याला हात लावत नाहीत. ताप, वेदना, लघवीला अडथळा किंवा पायाला सूज असेल तर सुईने किंवा नळी घालून पाणी काढतात.

१६. पोटातल्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी येतंय. पू झालाय का?

ताप नसेल आणि जेवण सुरू केल्यावर हे दिसू लागलं असेल, तर ते बहुधा काइल असतं. आतड्यांतून शोषलेलं स्निग्ध महाधमनीलगतच्या लसिकावाहिन्यांतून वर जातं. तिथली एखादी वाहिनी गळू लागली की ते नळीत उतरतं. नळीतला नमुना तपासून खात्री करतात. बहुतेक वेळा कमी स्निग्ध आहाराने आणि डॉक्टरांनी दिलेल्या एमसीटी तेलाने (हे स्निग्ध लसिकेच्या वाटेने जात नाही) गळती थांबते. ताकद यावी म्हणून आणलेले डिंकाचे लाडू, साजूक तुपातला शिरा आणि साईचं दूध तेवढे दिवस बाजूला ठेवा. प्रेमाने भरवलेलं तूपच गळती चालू ठेवतं.

१७. पाय सुजला तर हत्तीरोगासारखा होईल का?

हत्तीरोग डासांमुळे पसरणाऱ्या कृमींनी होतो. इथे कृमी नाहीत, संसर्ग नाही, त्या गोळ्यांचा उपयोगही नाही. साम्य एवढंच की दोन्हीकडे लसिकेची वाट बंद होते. शेतातला चर बुजला की पाणी वाफ्यातच साचून राहतं, तसा द्रव पायात साचतो. याला लिम्फेडेमा म्हणतात. तो सगळ्यांना होत नाही, आणि होतो तेव्हा काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही सुरू होऊ शकतो.

सुरुवात ओळखा: जोडवं किंवा पैंजण घट्ट होणं, चपलेचा पट्टा रुतणं, संध्याकाळी पाय जड वाटणं. याच टप्प्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर मापाचे दाबाचे मोजे, हलक्या हाताचा ठरावीक मसाज आणि व्यायाम यांनी सूज आटोक्यात राहते. तेल लावून जोरात रगडणं नको. दोन परिस्थितींत वाट पाहू नका. एकाच पायाला अचानक दुखरी सूज आली तर गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करा. पाय लाल, गरम आणि सोबत थंडी-ताप असेल तर तो त्वचेचा संसर्ग आहे, त्याला लगेच अँटिबायोटिक लागतं.

१८. आमचं शेतीचं काम. द्राक्षाचा हंगाम आहे. आणि आईचा गडावर अनवाणी जायचा नवस आहे. चालेल का?

उभी चीर भरायला वेळ लागतो. साधारण सहा ते आठ आठवडे क्रेट, हंडा, पोतं उचलायचं नाही. त्यानंतर काम करता येतं, करावंही. बागेत तासन् तास एका जागी उभं राहण्यापेक्षा मधूनमधून चाललेलं आणि दुपारी पाय उंच ठेवून आडवं झालेलं बरं. कांदा काढताना उकिडवं बसून राहू नका. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे भात लावणीला चिखलात उतरणाऱ्या बायांनी गमबूट घालावेत. भेगा, काटा, चिखल्या यांतूनच संसर्ग आत शिरतो. रोज रात्री पाय धुऊन, बोटांमधली जागा कोरडी करून साधं मॉइश्चरायझर लावणं हे काम औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

सप्तशृंगीच्या गडावर जायला, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करायला माझी ना नाही, चालणं पायांना चांगलंच. अनवाणी मात्र नको, त्यातही चैत्रातल्या तापलेल्या डांबरावर तर नकोच. पायरीपर्यंत बूट-मोजे घालून जा, गडावर ट्रॉलीही आहे. आईला हे मुलाने सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, त्या ऐकतात.

१९. इतके नोड्स काढल्यावर प्रतिकारशक्ती जाईल ना?

नाही. शरीरात शेकडो नोड्स असतात, शिवाय प्लीहा आणि अस्थिमज्जा आहेत. जपायचं ते फक्त पायांना (प्रश्न १७). केमोच्या काळात पांढऱ्या पेशी कमी होतात, पण ते औषधामुळे.

२०. मुलगी २६ वर्षांची आहे. नोड्स काढले तर मूल होण्यात अडचण येईल का?

नोड्स काढल्याने पाळी किंवा गर्भधारणा थांबत नाही. मूल होण्याचा प्रश्न राहिलेल्या अंडाशयाचा आणि गर्भाशयाचा आहे. रोग एका अंडाशयापुरता आणि कमी ग्रेडचा असेल तर ते दोन्ही ठेवून बाकी स्टेजिंग करता येतं. उलट, अवयव ठेवायचे असतील तर स्टेजिंग नीट झालेलं असणं जास्तच गरजेचं. केमोचा अंडाशयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून बीजं गोठवण्याबद्दल केमोच्या आधी विचारा.

२१. यासाठी मुंबईलाच जावं लागेल का? योजनेत बसतं का?

जागेपेक्षा महत्त्वाचं आहे ते असं: कर्करोगाची शस्त्रक्रिया शिकलेला सर्जन, फ्रोझनची सोय, रक्तपेढी, आयसीयू आणि निर्णय एकट्याने न घेता सर्जन-मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट-पॅथॉलॉजिस्ट मिळून घेण्याची पद्धत. हे नाशिकमध्ये मिळू शकतं. शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयातही कर्करोगाचा विभाग आहे. दुर्मीळ प्रकार असेल किंवा दोन पॅथॉलॉजिस्टची मतं जुळत नसतील, तर परळच्या टाटा मेमोरियलला जरूर जा, पण फक्त रिपोर्ट घेऊन नको. स्लाइड्स आणि ब्लॉक सोबत हवेत, नाहीतर पंचवटी एक्सप्रेसची फेरी वाया जाते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होण्यापूर्वीच त्यांना भेटा, कारण मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. पेट स्कॅन आणि जनुक तपासणी त्यात धरली आहे का, हेही तेव्हाच विचारा.

२२. आईला कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. नोड्सचं तिला न सांगता केलं तर?

तिच्या शरीरावरच्या ऑपरेशनची संमती तिचीच लागते, तुमची सही पुरत नाही. कायद्यापलीकडेही एक कारण आहे. पुढची कित्येक वर्षं पाय तिलाच जपायचे आहेत. का जपायचे हे माहीत नसेल तर ती काट्याकडे दुर्लक्ष करील, सूज लपवील. मी बायांशी बोलते तेव्हा बहुतेकींना आधीच बरंच काही कळलेलं असतं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून त्याही गप्प असतात. सांगायला जड जात असेल तर आम्हाला सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा.

२३. रिपोर्टमध्ये नोडमध्ये ‘तुरळक पेशी’ लिहिल्यात, आणि मैत्रिणीच्या रिपोर्टमध्ये जांघेतला नोड. दोन्ही स्टेज तीनच ना?

दोन्ही नाहीत. नोडमध्ये ०.२ मिमी किंवा त्याहून लहान, सुट्या पेशींचा पुंजका असेल तर त्याची वेगळी नोंद होते, पण नोड रोगग्रस्त धरत नाहीत. स्टेज तेवढ्याने वाढत नाही. जांघेतल्या नोडमध्ये रोग असेल तर मात्र स्टेज चार-बी होते, कारण तो पोटाबाहेरचा प्रसार मानला जातो. दोन्ही वेळा आधी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. पायाच्या जुन्या जखमेने जांघेतला नोड वाढणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. नुसत्या हाताला लागला किंवा स्कॅनवर दिसला म्हणून कुणाला चौथ्या स्टेजमध्ये टाकायचं नसतं, त्या नोडमधून सुईने नमुना घ्यायचा. तो त्वचेच्या लगेच खाली असल्यामुळे प्रश्न ८ मधली सुईची भीती इथे लागू होत नाही.